हिवतापाची मोहीम आणि फवारणारे हात



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने रोगराईच्या इतिहासावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या तोंडून. परंतु आजचा विषय जितका औषधांचा आहे तितकाच मजुरीचा आहे, अशी माझी वाचता वाचता खात्री झाली. आणि मजुरीबद्दल बोलण्याचा थोडासा अधिकार मला असावा, असे मी समजतो.

ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना घराच्या दर्शनी भिंतीवर रंगविलेला एक चौकोन आठवत असेल. त्यावर ‘एन. एम. ई. पी.’ अशी अक्षरे आणि खाली तारखांचे रकाने. पंधरा दिवसांनी एक मनुष्य सायकलवरून येई, “घरात कुणाला ताप आहे का?” असे विचारी, कुणाला असलाच तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई, गोळ्या देई आणि रकान्यात तारीख घालून पुढच्या घरी जाई. ती अक्षरे राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रमाची होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्याहूनही उशिरा कळले ते हे, की जगातल्या एका फार मोठ्या सार्वजनिक कार्याचा सारा भार त्या सायकलवरच्या माणसावर आणि त्याच्या आधी पाठीमागे पंप घेऊन येणाऱ्या टोळीवर होता. हे कार्य कसे उभे राहिले, कसे जिंकत आले आणि जिंकता जिंकता कसे हातचे गेले, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आरंभ १८९७ सालापासून करतो. हे साल आपल्याकडे प्लेगचे साल म्हणून ओळखले जाते. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग उघड झाला. गिरणगावातले मजूर हजारोंनी गावाकडे निघाले. जे राहिले त्यांना टिकवून धरण्यासाठी मालकांना रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली. आपल्या देशातील कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच प्लेगने गेले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला आणि पुढे पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली गोऱ्या सोल्जरांना घरे तपासण्याच्या कामावर लावले. ते स्वयंपाकघरात शिरले, देवघरात शिरले, बायाबापड्यांना त्यांनी बाहेर काढले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले ते या महाराष्ट्रात कुणाला सांगावयास नको.

रँडच्या खुनाचे समर्थन वा निषेध हा आजचा विषय नव्हे. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, साथ आवरायची तर सरकारला लोकांच्या घरात पाऊल टाकावे लागते, आणि ते पाऊल कोणाचे व कसे पडते यावर पुढचे सारे अवलंबून असते. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. ती पुन्हा येणार आहे.

त्याच १८९७ सालच्या २० ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराला डासाच्या जठरात हिवतापाच्या जंतूची खूण सापडली. पुढे १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हे क्रमिक पुस्तकात असते. क्रमिक पुस्तकात सहसा नसते ते असे की, रॉसने ज्या रोग्याच्या अंगावर डास बसवून त्यांना रक्त पाजले त्याचे नाव हुसेन खान होते, आणि त्याला दर डासामागे एक आणा मिळाला. हिवतापाच्या शास्त्राचा पायाच असा उक्त्या मजुरीवर घातला गेला आहे.

शोध लागला, पण पन्नास वर्षे खेड्यातल्या माणसाच्या पदरात त्यातले फारसे काही पडले नाही. याची कारणे पाहण्यासारखी आहेत. हिवताप हा प्लेगसारखा धडकी भरविणारा रोग नव्हता. तो येई, माणसाला थंडीने हुडहुडवी, तापाने जाळी, घामाने भिजवी आणि दोन दिवसांनी पुन्हा येई. पोटात पानथरी वाढे, अंगातले रक्त आटे, आणि मनुष्य मरत नसला तरी कामाच्या उपयोगाचा राहत नसे. बहुधा हा ताप पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या सुगीच्या महिन्यांत येई. म्हणजे ज्या वेळी हाताला काम असे नेमक्या त्या वेळी हात आजारी. शेतमजुराच्या घरी एका सुगीचा रोजगार बुडणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच कळेल.

सरकारचे लक्ष मुख्यतः लष्कराच्या छावण्या, रेल्वे, बंदरे आणि चहाचे मळे यांवर होते. लाहोरजवळच्या मियां मीर छावणीत १९०२ पासून काही वर्षे डबकी बुजवून आणि पाट बांधून पाहण्यात आले. यश आले नाही आणि त्या अपयशाने सरकारचा उत्साह पुष्कळ थंडावला. १९०८ साली पंजाबात हिवतापाची भयंकर साथ येऊन सुमारे तीन लाख माणसे दगावली. तिचा अभ्यास करणाऱ्या ख्रिस्टोफर्स या डॉक्टराने दाखवून दिले की साथीची तीव्रता केवळ पावसावर नव्हे, धान्याच्या भावावरही अवलंबून होती. भूक आणि ताप ही जुळी भावंडे आहेत, ही गोष्ट आमच्या चळवळीतल्या माणसांना पुस्तकातून शिकावी लागत नाही. परंतु एका सरकारी डॉक्टराने ती आकड्यांनी मांडावी, याचे मोल मोठे आहे.

मुंबई शहरात बेंटले नावाच्या अधिकाऱ्याने १९११ च्या सुमारास दाखविले की कोटातला हिवताप घरोघरच्या विहिरींत वाढणाऱ्या डासांनी पसरतो. विहिरी बुजवा किंवा बंदिस्त झाकणे बसवा, असा हुकूम निघू लागताच घरमालकांनी ओरड केली. काहींना पूजेसाठी विहिरीचे पाणी हवे होते, काहींच्या धर्मात पाण्याला सूर्यप्रकाश लागणे आवश्यक होते. पारशी आणि हिंदू, दोघांनीही हरकती घेतल्या. येथेही प्रश्न तोच: घराच्या आत कोणी आणि कशी सत्ता चालवायची?

खेड्यांसाठी सरकारने केलेली मुख्य सोय म्हणजे कोयनेल. पोस्टात ते पुडीने विकत मिळे. परंतु ज्याच्या घरी मिठाची चणचण त्याने तापासाठी पुड्या किती दिवस घ्यायच्या? आणि तेही पुरेसे कधीच नव्हते. नीलगिरीत आणि दार्जिलिंगकडे सिंकोनाची लागवड होती, तरी जगाच्या कोयनेलपैकी बहुतांश माल जावा बेटातून येई. १९४२ साली जावा जपान्यांच्या हाती पडले आणि तो पुरवठा तुटला. पुढच्याच वर्षी बंगालचा दुष्काळ पडला. त्या दुष्काळातले पुष्कळ बळी प्रत्यक्ष उपाशी राहून नव्हे, तर उपासाने खंगलेल्या शरीरावर हिवतापाने घाला घातल्यामुळे गेले.

याला आणखी एक कारण राज्यकारभाराचे होते. १९१९ च्या सुधारणांनी आरोग्य हे खाते प्रांतिक मंत्र्यांकडे सोपविले. खाते प्रांताकडे आले, पण उत्पन्नाच्या भक्कम बाबी वरच राहिल्या. प्रांताने आरोग्य सांभाळावे कशावर? स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सर जोसेफ भोर यांच्या समितीने जो हिशेब मांडला तो या दारिद्र्याचा ताळेबंदच होता. ही समिती १९४३ साली नेमली गेली आणि १९४६ साली तिचा अहवाल आला. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सहा हजार तीनशे माणसांमागे एक डॉक्टर आणि त्रेचाळीस हजार माणसांमागे एक परिचारिका. सरासरी आयुष्य सत्तावीस वर्षांच्या आसपास. या समितीत नामदार मंडळींच्या आणि नामांकित डॉक्टरांच्या बरोबरीने आमचे ना. म. जोशी हेही सदस्य होते, याचा मला अभिमान वाटतो. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये, हे तत्त्व त्या अहवालाने मांडले. आणि ठिकठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रे उभारून रोगप्रतिबंध व उपचार ही दोन्ही कामे तेथे एकत्र व्हावीत, अशी योजना दिली. या योजनेचे पुढे काय झाले याच्याशी हिवतापाच्या कहाणीचा शेवट बांधलेला आहे.

आता डी.डी.टी.कडे वळू. हे रसायन तयार झाले होते १८७४ साली. परंतु त्याने कीटक मरतात हे स्विस रसायनशास्त्रज्ञ पाउल म्यूलर याने १९३९ साली शोधले. युद्धात त्याचा लष्करी उपयोग झाला. युद्ध संपताच मुंबई प्रांताच्या हिवताप विभागाचे डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांचे सहकारी टी. रामचंद्र राव यांनी १९४६ मध्ये कारवार आणि धारवाड जिल्ह्यांच्या खेड्यांत त्याचा प्रयोग सुरू केला. हे दोन्ही जिल्हे तेव्हा मुंबई प्रांतात होते. सुपे, हल्याळ, यल्लापूर या घाटमाथ्यावरच्या जंगली मुलुखाची ख्याती अशी होती की तापामुळे तेथे वस्ती टिकत नसे. बदली तिकडे झाली की कारकुनाच्या घरी सुतक पडे.

या प्रयोगामागचा विचार साधा आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढच्या मजुरांची कामगिरी कळणार नाही. पूर्वीचा सारा भर डासांची पैदास थांबविण्यावर होता. परंतु डोंगराळ मुलुखात ओढे किती आणि डबकी किती! ती कोण बुजविणार? विश्वनाथन यांनी डासाच्या सवयीवर डाव टाकला. हिवतापाची मादी रात्री माणसाचे रक्त पिते आणि पोट जड झाल्यामुळे जवळच्या भिंतीवर विसावते. त्या भिंतीवर डी.डी.टी.चा थर असेल तर तो तिच्या पायांना लागून ती मरते. हिवतापाच्या जंतूला डासाच्या पोटात वाढून दुसऱ्याला लागण्याजोगा व्हायला दहा-बारा दिवस लागतात. तेवढे दिवस मादी जगलीच नाही, की साखळी तुटली. सारे डास मारण्याची गरज नाही. घरात येऊन बसणारा डास म्हातारा होऊ द्यायचा नाही, एवढेच पुरे.

म्हणजे काय झाले पाहा. लढाईचे ठिकाण ओढ्यावरून उठून घरात आले. आणि घरात म्हणजे प्रत्येक घरात, प्रत्येक खोलीत, प्रत्येक भिंतीवर. दहा घरे फवारून अकरावे सोडले तर त्या अकराव्या घरातला डास साऱ्या आळीला पुरतो. कारवार-धारवाडचे परिणाम उत्तम आले. लहान मुलांना ओळीने उभे करून त्यांची पानथरी चाचपून पाहण्याची तेव्हा रीत होती. फवारणीनंतर वाढलेल्या पानथरीचे प्रमाण झपाट्याने उतरू लागले. १९४९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या पथकांनी तराई, म्हैसूरचा मलनाड, ओरिसातले जेपूरचे डोंगर आणि मलबार येथेही असेच प्रयोग केले. त्यातून १९५३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख लोक त्याने मरत, असा अंदाज होता. पाच वर्षांत रोग्यांची संख्या वीस लाखांवर आली.

हे कोणी केले? रसायन परदेशातून आले, पुढे दिल्लीच्या आणि केरळातल्या सरकारी कारखान्यांतही होऊ लागले. योजना डॉक्टरांनी आखली. परंतु भिंतीवर थर कोणी दिला? पाच-सहा माणसांची एक टोळी असे. एक जण पाय रोवून स्टिरप पंपाचा दांडा खालीवर करी, दुसरा नळी धरून भिंतीवर एकसारखा पट्टा मारी, कोणी पूड पाण्यात कालवी, कोणी घरातली भांडीकुंडी बाहेर काढायला मदत करी. दर चौरस मीटरला एक ग्रॅम, असे प्रमाण ठरलेले. पंपाचा दाब कमी पडला तर थर पातळ. हात रेंगाळला तर माल फुकट. हे कसबाचे काम आहे. गिरणीत साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला जशी हाताची लय सांभाळावी लागते तशीच यालाही. आणि या कसबी कामगाराची नोकरी? हंगामापुरती. फवारणीची फेरी आली की हजेरीपटावर नाव, फेरी संपली की नाव बंद.

आता १८९७ ची आठवण करा. याही माणसाला स्वयंपाकघरात जायचे होते, देवघरात जायचे होते, बाळंतिणीच्या खोलीतही जायचे होते. पण याच्या खांद्यावर बंदूक नव्हती. त्याच्याजवळ होती ती फक्त बोलण्याची हातोटी. “वहिनी, देव तेवढे बाहेर घ्या, पीठ झाका, अर्ध्या तासात भिंती वाळतील,” असे ज्याला नीट सांगता आले त्याला दार उघडले. घरात येणारा कोणत्या जातीचा, तो चुलीपाशी जाणार का, असे प्रश्न निघत, आणि त्यांना तोंड द्यावे लागे ते याच रोजंदारीच्या माणसाला. पहिल्या वर्षी त्याला एक अनपेक्षित साहाय्यक मिळाला, तो म्हणजे ढेकूण. डी.डी.टी.ने ढेकूण मेले, बायकामुले रात्री निवांत झोपली आणि पुढच्या फेरीला लोकच वाट पाहू लागले. परंतु दोन-चार वर्षांत ढेकूण त्या पुडीला दाद देईनासे झाले. मग “तुमच्या औषधात आता दम राहिला नाही,” असे म्हणून दारे बंद होऊ लागली. डासांवर औषध चालत होते तरी घरधनिणीचा विश्वास ढेकणांबरोबर गेला.

दुसरी अडचण आपल्या स्वच्छतेतूनच आली. मातीच्या भिंती शेणामातीने सारवायच्या, पोतेरा द्यायचा, ही आपल्या गृहिणींची रीत. दसरा-दिवाळी तोंडावर आली की घर उजळून निघाले पाहिजे. पण सारवण भिंतीवर चढले की डी.डी.टी.चा थर त्याखाली गाडला गेला. यात त्या बाईचा अपराध काय? तिला समजावून सांगणारा मनुष्य पुन्हा पुन्हा तिच्या दारी यायला हवा होता. कागदावर फेरी पूर्ण आणि भिंतीवर सारवण, असे पुष्कळ ठिकाणी झाले.

१९५८ साली सरकारने आणखी मोठी झेप घेतली. नियंत्रण नव्हे, निर्मूलन! जागतिक आरोग्य संघटनेनेच १९५५ साली तसा संकल्प सोडला होता. योजना अशी की काही वर्षे सर्वत्र फवारणी करावयाची. रोग पुरता खाली आला की फवारणी थांबवून केवळ पाळत ठेवायची. आणि शेवटी ते काम नेहमीच्या आरोग्यखात्याकडे सोपवून मोहीम मोडून टाकायची. पाळतीसाठी नेमलेला कर्मचारी म्हणजेच मघाशी सांगितलेला सायकलवाला.

या माणसाच्या कामाचा मी एकदा हिशेब करून पाहिला. दहा हजार वस्तीमागे एक कर्मचारी, असे प्रमाण होते. घरटी पाच माणसे धरली तर दोन हजार घरे झाली. ती पंधरा दिवसांत फिरायची. सुट्टीचे दिवस वजा केले तर बारा-तेरा दिवस उरतात. म्हणजे दिवसाला दीडशेहून अधिक घरे. आठ तासांचा दिवस धरला तर एका घराला तीन मिनिटे, त्यातच एका वाडीहून दुसऱ्या वाडीला जाणे, रक्त घेणे, नोंद करणे! मालकाने असा कामाचा बोजा लादला असता तर आम्ही गिरणीच्या दारात सभा घेतली असती. तरीही या माणसांनी काम केले. १९६१ साली देशभरात नोंदलेल्या हिवतापाच्या रोग्यांची संख्या सुमारे एकोणपन्नास हजार होती. १९६५ साली ती लाखाच्या आसपास होती, पण हिवतापाने मृत्यू एकही नोंदला गेला नाही. साडेसात कोटींवरून लाखावर! आणि याच फवारणीने जाता जाता बिहार-बंगालकडचा काळा आजारही जवळजवळ नाहीसा केला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या दोन दशकांत एवढ्या लोकांच्या एवढे उपयोगी पडलेले दुसरे सरकारी काम मला चटकन आठवत नाही.

आणि मग तो परत आला. १९७६ साली देशात चौसष्ट लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले.

याची कारणे अनेक आहेत, आणि मी मजुरांचा वकील म्हणून बाकीची झाकून ठेवणार नाही. १९५९ मध्येच तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहाल जिल्ह्यात डासांची एक जात डी.डी.टी.ला सहनशील होत असल्याचे आढळले. शेतात तेच रसायन बेसुमार वापरले जात होते, त्याचाही हातभार लागला. युद्धांच्या आणि परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात माल वेळेवर पोहोचेना. १९७३ साली आसामात क्लोरोक्विनच्या गोळ्यांनाही न जुमानणारा जंतू आढळला. हे सारे खरे आहे.

परंतु आणखी दोन कारणे आहेत, आणि ती औषधाची नव्हेत. पहिले शहरांविषयी आहे, म्हणून या सभागृहात सांगणे अवश्य आहे. ही मोहीम मुख्यतः खेड्यांची होती. चाळीस हजारांहून मोठ्या गावांची जबाबदारी त्या त्या नगरपालिकेवर सोडली होती. नगरपालिकांजवळ पैसा नव्हता, पुष्कळांजवळ इच्छाही नव्हती. खेड्यात भिंती फवारल्या जात असता शहरात गच्चीवरच्या टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामाच्या हौदांत डास सुखाने वाढत होते. खेड्यातून कामधंद्यासाठी आलेला मजूर तो ताप घेऊन पुन्हा गावी जाई. शहरांसाठी स्वतंत्र योजना यायला १९७१ साल उजाडावे लागले.

दुसरे कारण मनुष्यबळाचे. रोग खाली आला, तशी पाळतीवरच्या माणसाची किंमतही खाली आली. १९६३ साली चढ्ढा समितीने सुचविले की हा कर्मचारी घरोघरी फिरतोच आहे, तर जन्ममृत्यूची नोंद आणि कुटुंबनियोजनाचा प्रचार ही कामेही त्याच्याकडेच द्यावीत. कागदावर ही सूचना काटकसरीची दिसते. मघाचा तीन मिनिटांचा हिशेब आठवा, आणि त्यातच ही दोन कामे घाला! दोन वर्षांतच मुखर्जी समितीला असे दिसून आले की हिवतापाची पाळत ढिली पडली आणि कुटुंबनियोजनही धड झाले नाही. दोन्हींसाठी वेगळी माणसे हवीत. ज्या आरोग्य केंद्रांच्या हाती अखेर सारे काम सोपवायचे होते ती केंद्रे भोर समितीच्या कल्पनेप्रमाणे उभीच राहिली नव्हती. कुठे इमारत होती तर डॉक्टर नव्हता, कुठे डॉक्टर होता तर रक्त तपासणारा नव्हता. काचपट्ट्या महिनोन्महिने पडून राहू लागल्या. ताप आज, आणि निदान दिवाळीनंतर! अशा पाळतीला पाळत कोण म्हणेल? फवारणी आधीच थांबलेली. डासाला दार पुन्हा उघडे मिळाले.

१९७७ पासून सुधारित योजना आली. निर्मूलनाची भाषा बाजूला ठेवून, मृत्यू टाळणे आणि रोग आटोक्यात ठेवणे हे ध्येय ठरले. गोळ्या गावोगाव ठेवण्यात आल्या. १९८४ पर्यंत आकडा वीस-बावीस लाखांवर आला. परंतु १९६१ सारखे दिवस लवकर दिसले नाहीत.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका गावी धूरफवारणी करणाऱ्या कंत्राटी मजुरांची संघटना बांधण्यासाठी गेलो होतो. गाव आणि नगरपालिका यांची नावे घेत नाही. कारण अशी गावे एक-दोन नव्हेत. पावसाळ्याचे चार महिने काम, मग घरी, हातमोजे मागितले तर “तुमच्याआधीचे लोक कुठे मागत होते?” असे उत्तर. त्यांतला एक वडीलधारा मजूर मला म्हणाला, “साहेब, ताप वाढला की आम्हांला बोलावतात. ताप कमी झाला की आमचा रोज बंद. मग ताप कमी व्हावा असे आम्हांला का वाटावे?” तो हसत म्हणाला, पण मला हसू आले नाही. ज्या व्यवस्थेत काम नीट करणाऱ्याला बेकारीचे बक्षीस मिळते ती व्यवस्था रोगाचा नायनाट कशी करणार? आणि हे सांगतो, की तो मजूर आपले काम चोख करीत होता.

आज हा प्रश्न पुन्हा आपल्या दाराशी आला आहे. २०१५ साली देशात हिवतापाचे सुमारे अकरा लाख सत्तर हजार रोगी नोंदले गेले होते. २०२३ साली हा आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास आला. आपल्या राज्यात अजून गडचिरोलीच्या जंगलात त्याचे ठाणे आहे. २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करावयाचा, असा सरकारचा संकल्प आहे. हे यश खरे आहे आणि त्याचा मला आनंद आहे. परंतु जी माणसे आज पाड्यापाड्यांवर जाऊन तापाची चौकशी करतात आणि रक्ताची तपासणी करतात, त्यांत आशा सेविका मोठ्या संख्येने आहेत. २००५ साली ही योजना आली तेव्हापासून त्यांना कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हणतात, आणि पगाराऐवजी मोबदला देतात. करोनाच्या काळात घरोघर याच फिरल्या. १८९७ चाच साथीचा कायदा तेव्हाही लागू होता, पण दारे उघडली ती कायद्याला नव्हे, ओळखीच्या बाईला. त्या भगिनींना २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात संप करावा लागला, याचा अर्थ आपण १९६३ पासून किती शिकलो हे आपले आपणच ठरवावे.

म्हणून, श्रोतेहो, या इतिहासातून मी काढतो तो धडा असा. रोग हटतो तो ज्ञानाने हे खरे. पण ज्ञान स्वतः चालत घरात येत नाही. त्याला एक मनुष्य घेऊन येतो. त्या माणसावर घरधनिणीचा विश्वास हवा, आणि त्या माणसाला उद्याच्या भाकरीचा भरवसा हवा. यांतली एक गोष्ट नसली तरी दुसरी फार दिवस टिकत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की आकडा खाली आला म्हणजे त्या माणसाचे काम संपले असे नव्हे. आकडा खाली राहणे हेच त्याचे काम आहे. रखवालदार आहे म्हणून चोरी होत नाही. चोरी होत नाही म्हणून रखवालदार काढून टाकणारा धनी शहाणा म्हणवत नाही.

आपण शहरात राहणारी, मते देणारी, नगरपालिकेला कर भरणारी माणसे आहोत. आपल्या दारी उद्या पाण्याची टाकी पाहायला कोणी आला, तर त्याला आत घ्या, पाणी विचारा, आणि तुझी नोकरी कायम आहे का, एवढेही विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर तो प्रश्न आपल्या नगरसेवकापुढे मांडा. आपल्या मुलाबाळांच्या तापाशी त्याचा जो संबंध आहे तो आज मी माझ्या परीने दाखविण्याचा प्रयत्न केला.